पतअहवालातील चूक आणि शेतकऱ्याचा हक्क

खरिपाची तयारी म्हटली की बी, खत, औत-अवजारे आणि मजुरी यांचा हिशेब घरोघर मांडला जातो. आपली पत कागदोपत्री कशी नोंदली गेली आहे, हे पाहण्याची तसदी मात्र फार थोडे शेतकरी घेतात. ती पाहण्याची वेळ बहुधा ऐन ज्येष्ठात येते, आणि तीही बँकेच्या खिडकीवर. "सिबिल खराब आहे, कर्ज बसत नाही," एवढे एक वाक्य ऐकून माणूस परत फिरतो. अहवाल कोणी तयार केला, त्यात लिहिले काय आहे, ते खरे की खोटे, यांपैकी एकही प्रश्न तो विचारीत नाही. विचारावयाचा हक्क आपणांस कायद्याने दिला आहे, हे त्यास ठाऊकही नसते. मग तो उधारीच्या दुकानी जातो, नाही तर सावकाराच्या ओसरीवर. चूक बँकेच्या खतावणीतील असली तरी तिचे व्याज शेतकऱ्याच्याच पदरी पडते.

'सिबिल' हा शब्द आता खेड्यापाड्यांत रूढ झाला असला तरी त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनात धूसर आहे. कोणी त्यास सरकारी खाते समजतो, कोणी काळी यादी. वास्तविक सिबिल ही इसवी सन २००० मध्ये मुंबईस स्थापन झालेली एक कंपनी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीने काम करणाऱ्या अशा पतमाहिती कंपन्या आज देशात चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, वित्तसंस्था व सहकारी बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पुरवितात. कर्ज केव्हा घेतले, किती घेतले, हप्ता वेळेवर आला की नाही, बाकी किती आहे, हे सर्व तीत असते. कंपनी त्यावरून पतअहवाल तयार करते व ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक देते. कर्ज मंजूर करणे वा नाकारणे हे कंपनीचे काम नव्हे. तो निर्णय बँकेचा. तसेच कंपनी स्वतः गावात येऊन काही पाहत नाही. बँकेने लिहिले तेच तिच्या दप्तरी उतरते. विहिरीत जे असेल तेच पोहऱ्यात येणार, हे ध्यानी ठेवले म्हणजे चूक कोठे शोधावयाची याचा निम्मा उलगडा होतो.

चुका होतात तरी कशा? सर्वांत साधी चूक नावाची. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि क्वचित वडिलांचेही नाव तेच असलेले दोन खातेदार असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. त्यातच मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना बँकेगणिक त्याची तऱ्हा बदलते. जुन्या खात्यांवर पॅन क्रमांक नाही, जन्मतारीख अंदाजाने घातलेली, पत्त्याच्या जागी केवळ 'मु. पो.' व गावाचे नाव. अशा स्थितीत एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसली तर त्यात संगणकाचा दोष काढण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक फेडलेल्या कर्जाची. पैसे भरले, पावती मिळाली, बेबाकी दाखला मिळाला, सातबाऱ्यावरील बोजाही उतरला. पण बँकेने खाते बंद झाल्याची माहिती पुढे कळविलीच नाही. शेतकऱ्याच्या मते प्रकरण मिटलेले असते. अहवालात मात्र ते खाते जिवंत राहून दर महिन्यास थकलेले दिसत असते. बोजा उतरणे ही महसुली दप्तरातील गोष्ट आणि खाते बंद दिसणे ही पतमाहितीच्या दप्तरातील. एकीवरून दुसरी आपोआप होत नाही.

तिसरा प्रकार कर्जमाफीचा, आणि महाराष्ट्रात त्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. केंद्र शासनाची २००८ ची योजना, राज्य शासनाची २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांतून लक्षावधी खाती निकालात निघाली. तथापि खाते निकालात निघाले तरी अहवालात त्यापुढे कोणता शब्द लिहिला गेला, हे किती जणांनी पाहिले? 'क्लोज्ड' म्हणजे खाते पूर्ण फेडून बंद झाले. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली. 'रिटन ऑफ' म्हणजे वसुलीची आशा सोडून रक्कम बुडीत धरली. हे तीन शब्द बँकेच्या भाषेत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि पुढे कर्ज देणारा अधिकारी त्यांवरून माणसाची तीन वेगवेगळी चित्रे मनात रेखाटतो. ज्या खात्यात शासनाने बँकेस सर्व रक्कम चुकती केली, त्यात बँकेने काहीच सोडलेले नाही. तेव्हा त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिणे वस्तुस्थितीस धरून नाही. ज्या खात्यात बँकेने खरोखरच काही रक्कम सोडली असेल, तेथे तो शब्द कटू असला तरी चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून कर्जमाफी मिळालेल्या शेतकऱ्याने शाखेत जाऊन एकच प्रश्न लेखी विचारावा : या खात्यापोटी बँकेस शासनाकडून किती रक्कम मिळाली व बँकेने स्वतः किती सोडली? उत्तरावरून तक्रारीस जागा आहे की नाही हे ठरते.

चौथा प्रकार आपत्तीच्या वर्षातला. दुष्काळ, अतिवृष्टी वा गारपिटीने पीक गेले असता पीककर्जाचे मुदती कर्जात रूपांतर करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. २०१८ च्या निर्देशांनी पिकाची हानी ३३ ते ५० टक्के असल्यास दोन वर्षांपर्यंत व ५० टक्के वा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत देण्याची सोय ठरवून दिली. असे पुनर्गठन झाल्यावर जुनी देय तारीख संपते व नवी सुरू होते. परंतु शाखेने ठराव केला आणि संगणकात तारीख बदललीच नाही, असे घडले तर ज्यास सवलत मिळाली तोच शेतकरी अहवालात थकबाकीदार दिसतो. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखेच हे झाले. आपत्तीच्या वर्षी पुनर्गठनाचा अर्ज भरून देण्यास गावपातळीवरील कर्मचारी मदत करतात. सहा महिन्यांनी त्या खात्याची नोंद पाहण्यासही त्यांनी सांगावयास हवे.

हिशेब दुसऱ्याच्या दप्तरात असणे आणि तो स्वतःस पाहता न येणे, हे दुखणे या प्रांतास नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दप्तरे फोडून रोखे व खतपत्रे बाहेर काढली. दंग्याचे लोण मग पुणे-नगर भागांत पसरले. त्या दंग्यांत मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. शेतकऱ्याने किती भरले व किती उरले, हे सांगणारा कागद एकट्या सावकारापाशी असे आणि त्यावर काय लिहावयाचे हेही तोच ठरवी. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा वा पासबुक मागण्याचा हक्क समाविष्ट झाला, त्यामागे हाच अनुभव होता. आजचा हिशेब संगणकात आहे आणि तो लिहिणारी संस्था नोंदणीकृत आहे, हा फरक मोठा खरा. परंतु उतारा मागितल्यावाचून मिळत नाही, ही गोष्ट तेव्हा होती तशीच आजही आहे.

आता आजचा कायदा. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम २००५ साली संमत झाला व डिसेंबर २००६ पासून अंमलात आला. त्याचे एकविसावे कलम प्रत्येक कर्जदाराने समजून घ्यावे असे आहे. कर्जासाठी अर्ज करणारा कोणीही मनुष्य, बँकेने त्याच्याविषयी जी पतमाहिती मागविली असेल तिची प्रत बँकेकडून मागू शकतो, आणि ती देणे बँकेवर बंधनकारक आहे. खिडकीवर "सिबिल खराब आहे" असे उत्तर मिळाल्यास "मग त्याची प्रत द्यावी" एवढे म्हणणे हे उद्धटपणाचे नव्हे, कायद्याचे आहे. ती माहिती चुकीची वा अपुरी असल्यास ती दुरुस्त करण्यास, वगळण्यास अथवा तीत भर घालण्यास बँकेस किंवा कंपनीस सांगता येते, व मागणी केल्यापासून तीस दिवसांत त्यावर कार्यवाही व्हावयास पाहिजे. मात्र कंपनी आपल्या मनाने नोंद बदलू शकत नाही. ज्या बँकेने माहिती पुरविली तिने चूक मान्य करून कळवावे लागते. म्हणून तक्रार कंपनीकडे केली तरी शाखेचा पाठपुरावा सोडू नये.

बँकेकडे कर्ज मागितल्यावरच अहवाल पाहता येतो असेही नाही. १ जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीस दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. चार कंपन्यांचे मिळून वर्षास चार अहवाल होतात. भ्रमणध्वनी व ओळखीचा पुरावा यांच्या साहाय्याने ते घरबसल्या निघतात. ज्यास जमत नाही त्याने घरातील शिकत्या मुलाची वा सेवा केंद्राची मदत घ्यावी. बँकेच्या दप्तरी स्वतःचा चालू भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविणे मात्र आवश्यक आहे. अहवाल कोणी पाहिला अथवा खाते थकल्याची माहिती पुढे कळविली गेली, तर त्याची सूचना खातेदारास देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये फर्माविले आहे. क्रमांक जुना किंवा भलत्याचाच असेल तर ती सूचना भलतीकडेच जाते.

तक्रार करूनही कोणी लक्ष न दिल्यास काय? या ठिकाणी अलीकडचा नियम विशेष उपयोगी आहे व तोच सर्वांत कमी लोकांस माहीत आहे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या व एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, तक्रार दाखल झाल्यापासून तीस दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदारास द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवसांच्या आत दुरुस्त माहिती कंपनीस पाठविली नाही तर भरपाई बँकेने द्यावयाची. बँकेने पाठविली पण कंपनीने दिरंगाई केली तर कंपनीने. २ मे रोजी केलेली तक्रार २० जूनला निकाली निघाली, तर १ जूनला तीस दिवस भरतात व पुढील १९ दिवसांचे १,९०० रुपये होतात. निकालानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात जमा व्हावी असे नियम सांगतो. तक्रार फेटाळली तर तिची कारणे द्यावी लागतात.

ही तरतूद चांगली आहे. परंतु शेतीच्या दृष्टीने ती तोकडी आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नोकरदारास महिना उशिरा कर्ज मिळाले तर त्याची दुचाकी महिनाभराने येते. शेतकऱ्यास महिना उशीर झाला तर पेरणी टळते, आणि टळलेली पेरणी शंभर रुपये रोजाने भरून येत नाही. नियम करणाऱ्यांनी तीस दिवस मोजले ते कॅलेंडरावर. शेतकऱ्याचे दिवस नक्षत्रांवर मोजले जातात. पीककर्जाच्या अर्जाशी निगडित तक्रारींना, निदान मे ते जुलै या काळात, याहून आखूड मुदत असावयास पाहिजे. तशी सुधारणा होईतो मार्ग एकच उरतो : तक्रार लवकर करणे.

येथे पंचांगाशी मेळ घालता येतो. मार्चअखेर पीककर्जाचा भरणा होतो व पुढे नवे-जुने केले जाते. बँकांनी निदान दर पंधरवड्यास पतमाहिती पुढे पाठवावी असा दंडक १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पूर्वी महिन्याचा अवधी असे. म्हणजे मार्चअखेर भरलेली रक्कम एप्रिलच्या मध्यापर्यंत अहवालात उतरावयास हवी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात अहवाल काढला, चूक दिसताच महिनाअखेरच्या आत तक्रार नोंदविली, की तीस दिवस मे सरता सरता संपतात आणि मृगास अद्याप आठवडा राहतो. बियाण्याची उगवणक्षमता पेरणीपूर्वी तपासावी हे आता गावोगाव पटले आहे. त्या प्रात्यक्षिकाच्या बैठकीतच अर्धा तास काढून पाच-दहा शेतकऱ्यांचे अहवाल उघडून दाखविले तर निराळी सभा भरविण्याचे कारण नाही. अर्थात एकाचा अहवाल दुसऱ्यासमोर वाचू नये. कोणाचे देणे किती ही चव्हाट्यावर आणण्याची बाब नव्हे.

काहींचे म्हणणे असे की, मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नये असे बँकांस बजावले. मग हा खटाटोप कशास? आदेश योग्यच आहे व तो न पाळणाऱ्या शाखेची तक्रार झालीच पाहिजे. पण शेतकऱ्याची गरज पीककर्जापाशी संपत नाही. ठिबक, विहीर, मोटार, गोठा, ट्रॅक्टर, कांदाचाळ, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज, या प्रत्येक वेळी अहवाल उघडला जाणारच. खोटी नोंद आज डोळ्यांआड केली तरी ती नाहीशी होत नाही. पतमाहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा कंपन्यांवर निर्बंध आहे. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे वेळेवर भरणा केला त्याच्या दृष्टीने अहवाल ही कमाई आहे. ती दुसऱ्याच्या चुकीने बुडू देणे शहाणपणाचे नाही. ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही अशाचा अर्ज केवळ मागील इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असेही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांस सांगितले आहे. तरुण शेतकऱ्यांस हे कळले पाहिजे.

हक्काच्या मर्यादाही सांगणे भाग आहे. कायदा खोटी नोंद पुसतो, खरी नव्हे. हप्ता प्रत्यक्ष थकला असेल तर ती नोंद गैरसोयीची असली तरी चूक नाही. शेजाऱ्यास जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात ते कर्ज जामीनदार या नात्याने दिसणारच. भिडेखातर केलेल्या सहीचे मोल कोणते, हे पुष्कळांना तेथेच प्रथम कळते. गुणांक कमी का आला, हा प्रश्नही भरपाईच्या नियमात बसत नाही. "तीन हजार द्या, सिबिल साफ करून देतो" असे सांगणारे लोक आता आठवडी बाजारातही आढळू लागले आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. खऱ्या चुकीच्या दुरुस्तीस पैसा लागत नाही आणि खरी थकबाकी पैसे घेऊन पुसणारा मनुष्य फसवितो, एवढे त्यांना ओळखण्यास पुरे. असल्या माणसाच्या हाती आधार, पॅन व भ्रमणध्वनीवर आलेला परवलीचा आकडा देणे म्हणजे नव्या कर्जास आपल्या नावाने दार उघडून देणे होय.

तक्रार लेखी असावी. खाते क्रमांक, अहवालाची तारीख, कोणती नोंद चुकीची व तिच्या जागी काय हवे, एवढे चार ओळींत लिहून सोबत पावत्या, बेबाकी दाखला वा पुनर्गठनाचे पत्र जोडावे. पोहोच घ्यावी व तारीख लिहून ठेवावी, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. बँकेने वा कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. राज्य सहकारी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या योजनेखाली आल्या, ही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. बँकेच्या सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये उघडे आहे, पण तो मार्ग लांबचा. आधी लोकपाल बरा.

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची गोष्ट थोडी निराळी आहे. सोसायटी लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्या खतावणीतील चुकीची तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते. सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली, आणि त्या कामात जुन्या खतावण्यांतील आकडे संगणकात चढविले जात आहेत. दहा-दहा वर्षांचे हिशेब, पुसट शाई, गटसचिवांच्या तीन बदल्या आणि हाताशी थोडे दिवस, अशा कामात चुका शिरण्यास पुरेपूर वाव असतो. आकडा एकदा यंत्रात बसला की पुढे तो बिनचूक समजला जातो. गटसचिवांनी खाती चढविल्यावर प्रत्येक सभासदास खातेउतारा देऊन त्यावर सही घ्यावी, सभासदाने तो आपल्या पासबुकाशी व पावत्यांशी ताडून पाहावा, आणि फरक आढळल्यास तो वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.